मेक्सिकोचं तिकीट काढण्याआधी

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना काश्मीरमध्ये त्यांच्या गाडीजवळ स्फोट झाला. शेजारी बसलेला जोडीदार जागेवरच गेला, हे वाचले. डोक्याला मार लागला होता, काही काळ शुद्ध नव्हती. आता डोकं रोज दुखतं, रात्री दचकून उठतात, मोठा आवाज झाला की अंगावर धावून येतात आणि नंतर तासभर रडत बसतात. गॅस चालू ठेवून विसरतात. कुकर लावायचा तो ते रानात गेल्यावरच. दिवाळीत सगळं घर बहिणीच्या मळ्यावर जातं, कारण तिथे फटाके ऐकू येत नाहीत. दोन वर्षांपासून सकाळी एसिटालोप्रॅम आणि रात्री अमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत, पण म्हणावा तसा फरक नाही. ताईंचा धाकटा भाऊ अमेरिकेत सॅन दिएगोला असतो. त्याने अमेरिकी सैनिकांचे व्हिडिओ पाठवलेत: मेक्सिकोत जाऊन आयबोगेन नावाचं औषध एकदाच घेतलं आणि माणूस पालटला. खर्च तो करणार आहे. इकडे मुलाच्या मित्राने गोव्यातल्या एका 'मशरूम रिट्रीट'ची, म्हणजे नशा आणणारी मशरूम देणाऱ्या शिबिराची, माहिती आणली आहे, ते स्वस्तात होतं. ताई विचारतात, "सगळे उपाय करून झाले. आता या दोनपैकी काय करू? एका रात्रीत बरं होणार असेल तर मी कर्ज काढायलाही तयार आहे."

ताई,

तुमच्या भावाने पाठवलेली बातमी खोटी नाही, हे आधी सांगते. अशा व्हिडिओंत बरीच भंपकगिरी असते, पण यामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तो केला आणि जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला. स्पेशल फोर्सेसचे ३० माजी सैनिक, सगळे पुरुष, सगळ्यांच्या डोक्याला कधी ना कधी मार लागलेला. ते आपणहून मेक्सिकोतल्या दवाखान्यात आयबोगेन घ्यायला गेले आणि संशोधकांनी त्यांना जाण्याआधी आणि आल्यावर तपासलं. महिन्याभराने पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे लागणाऱ्या मानसिक त्रासाची, लक्षणं सरासरी ८८ टक्क्यांनी उतरली होती. नैराश्य ८७ टक्क्यांनी, चिंता ८१ टक्क्यांनी. मानसोपचारात असे आकडे सहसा बघायला मिळत नाहीत. टेक्सास राज्याने २०२५ मध्ये आयबोगेनच्या चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले, ते काही व्हिडिओ बघून नाही.

पण माणसं तीसच होती, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. प्रत्येकाला माहीत होतं की आपण खरं औषध घेतोय, त्यासाठी देश ओलांडून आलोय, आता बरं वाटलंच पाहिजे. या अपेक्षेचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. शिवाय त्यातल्या बहुतेकांची डोक्याची इजा सौम्य होती. यजमानांची शुद्ध हरपली होती असं तुम्ही लिहिता, किती वेळ ते लिहीत नाही. अर्ध्या तासाच्या आत शुद्धीवर आले असतील तर डॉक्टर साधारणपणे तिला सौम्य इजा म्हणतात. दुसऱ्या दिवशी आले असतील तर गोष्ट निराळी, आणि मग त्या तीस जणांचे आकडे त्यांना लावण्यात अर्थ नाही. मिलिटरी हॉस्पिटलचे डिस्चार्जचे कागद ट्रंकेत असतील तर ते आधी काढा. त्यात हे लिहिलेलं असतं.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते. आयबोगेन हे मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन भागात होणाऱ्या इबोगा नावाच्या झुडपाच्या मुळांच्या सालीतून मिळतं. तिथले ब्विटी पंथाचे लोक ते धार्मिक विधीत घेतात. मनावर ते काय करतं ते करो, हृदयाची लय मात्र ते बिघडवू शकतं. ईसीजीच्या पट्टीवर 'क्यूटी' नावाचं एक अंतर मोजतात, ते या औषधाने लांबतं. जास्त लांबलं तर ठोके एकदम बेताल होतात आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आयबोगेन घेतल्यावर माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच त्या अभ्यासातल्या सैनिकांना हृदयाच्या रक्षणासाठी शिरेतून मॅग्नेशियम दिलं होतं, आणि आधी निवडून-तपासून घेतलं होतं. तुमच्या पत्रातल्या दोन गोळ्या आता परत बघा. एसिटालोप्रॅम आणि अमिट्रिप्टिलिन, दोन्ही थोड्याफार प्रमाणात हेच अंतर लांबवतात. लगेच घाबरून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेहमीच्या डोसात असंख्य लोक त्या घेतात. पण त्यांच्यावर आयबोगेन म्हणजे तिसरा भार.

यावर दवाखाने सांगतात की येण्याआधी गोळ्या बंद करा. दोन वर्षांच्या गोळ्या झटक्यात सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं हे सगळं आधी इथे घरात सुरू होईल, आणि ते सहन करायला तुम्हीच असाल. आयबोगेनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य पुढे बरेच दिवस रक्तात राहतं, त्यामुळे परत आल्या आल्या जुन्या गोळ्या सुरू करणंही जोखमीचंच. शिवाय तो अनुभव एका रात्रीचा म्हणतात तितका सुटसुटीत नसतो. उलट्या, पायांवर उभं राहता न येणं, चोवीस तास आणि कधी त्याहूनही जास्त. भाऊ म्हणेल तिथे बंदी नाही. खरं आहे, पण बंदी नाही म्हणजे कुणी लक्ष ठेवून आहे असं नव्हे.

"एका रात्रीत" हे शब्द तुमच्या पत्रात दोनदा आलेत. वर मी एकदाच घेतले. मनाची अवस्था बदलणाऱ्या अशा सगळ्या औषधांमध्ये पीटीएसडीसाठी सर्वांत नेटका अभ्यास झाला तो एमडीएमएचा. हो, पार्ट्यांमध्ये विकतात तेच, पण इथे शुद्ध आणि मोजून दिलेलं. २०२३ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत १०४ माणसं होती. त्यात औषध दिलं तीनच वेळा, साधारण महिन्याच्या अंतराने, दर वेळी आठ तास दोन थेरपिस्टांच्या सोबतीत. त्याच्या आधी तयारीच्या बैठका, नंतर उलगडा करायच्या बैठका. सगळं धरून प्रत्येकासाठी ४२ तासांचं बोलणं. शेवटी औषध मिळालेल्यांपैकी ७१ टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आले होते. मात्र ज्यांना निष्क्रिय गोळी दिली होती, त्यांच्यातलेही जवळजवळ ४८ टक्के बाहेर आले.

हा दुसरा आकडा व्हिडिओत कुणी सांगत नाही. त्या माणसांना कुठलंही जादूचं औषध मिळालं नव्हतं. मिळाली ती न घाई करणारी, समोर बसून ऐकणारी, शिकलेली दोन माणसं आणि बेचाळीस तास. यजमानांना यातले किती तास आजवर मिळाले?

एवढे चांगले निकाल असूनही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मंजुरी दिली नाही, आणखी एक मोठी चाचणी करा म्हणून सांगितलं. त्याआधी जूनमध्ये त्यांच्या तज्ज्ञ समितीतल्या ११ पैकी ९ जणांनी परिणाम सिद्ध झालेला नाही असं मत दिलं होतं, आणि १० जणांनी फायदा धोक्याहून मोठा वाटत नाही असं. आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं, हे बहुतेकांना लगेच कळत होतं, ही एक अडचण. आणि आधीच्या एका चाचणीत थेरपिस्टने रुग्ण बाईशी गैरवर्तन केल्याचं प्रकरण होतं. अशा औषधाच्या अमलात माणूस अगदी उघडा पडलेला असतो, समोरचा कोण आहे यावर सगळं ठरतं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी आहे, पण तीही ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांनाच. आणि "मेंदूत नव्या जोडण्या तयार होतात" हे जे भावाने लिहिलं, ते मुख्यतः उंदरांच्या मेंदूत पाहिलेलं आहे. मार लागलेल्या माणसाच्या मेंदूत तसंच होतं आणि त्याने विसराळूपणा जातो, असं सांगायला अजून भक्कम पुरावा नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य: "सगळे उपाय करून झाले." रागावू नका, पण पत्रात मला उपाय दिसतात ते दोन गोळ्या. यजमानांना एकाच वेळी दोन दुखणी आहेत. एक त्या स्फोटाच्या आठवणीचं, दुसरं प्रत्यक्ष मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं. दचकणं, दुःस्वप्नं, जोडीदार गेला आणि आपण राहिलो हे डाचणं, ही पहिल्याची लक्षणं. गॅस विसरणं, डोकेदुखी ही बहुधा दुसऱ्याची. चिडचिड आणि झोप दोन्हींत सामाईक. दोन्ही एकाच पोत्यात भरून वर गोळी दिली, की फरक पडत नाही आणि मग आपण म्हणतो सगळं करून झालं.

पहिल्या दुखण्यासाठी आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेणाऱ्या उपचारपद्धती आहेत. एकीला 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' म्हणतात, दुसरी 'ईएमडीआर', जिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल करायला लावतात. यांच्यामागे अनेक वर्षांचा पुरावा आहे. साधारण आठ ते पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक बैठक. सुरुवातीचे काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो, तेव्हाच बरेच जण सोडतात. हे आधी माहीत असलेलं बरं. मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा की ट्रॉमासाठीची थेरपी कोण करतं. नुसतं "समुपदेशन" म्हटलं की धीराचे चार शब्द मिळतात आणि पुढची तारीख.

दुसऱ्या दुखण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टला भेटताना काही गोष्टी आठवणीने काढा. ते घोरतात का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? झोपेची तपासणी करून तो अडथळा काढला तर कित्येकांची दुःस्वप्नंसुद्धा कमी होतात. रोज डोकं दुखतं म्हणून रोज वेदनाशामक घेतात का? त्या गोळीनेच डोकेदुखी मागे लागू शकते, हे ऐकून लोकांना पटत नाही. स्फोटात कान गेलेत का, कारण कमी ऐकू येणारा माणूसही अचानक आवाजाने जास्त बिथरतो. डोक्याला मार लागल्यावर कधी कधी हार्मोन्स खालावतात, ती साधी रक्ततपासणी आहे. कधी फिट आली होती का, हेही सांगा. मेंदूला उत्तेजित करणाऱ्या कुठल्याही औषधाआधी ते कळलंच पाहिजे. आणि कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूच्या कोट्याबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेलं नाही. डॉक्टरांसमोर मात्र काढा. रोजचे दोन पेग झोप आणतात असं वाटतं, पण ते झोप तोडतात.

विसरण्यावर गोळी नाही, सवयी आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या बसवून देतात: स्वयंपाकघरात एकच फळा, मोबाइलवर गजर, गॅसला आपोआप बंद होणारा टायमर, दिवसाचं सर्वांत अवघड काम सकाळी. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तुमच्या घरातली निम्मी भांडणं याच क्षुल्लक गोष्टींवरून होत असणार.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. पॉलीक्लिनिकमधून पुण्याच्या कमांड हॉस्पिटलचं रेफरल मागा, मानसोपचार आणि न्यूरॉलॉजी दोन्ही विभागांचं, आणि डिस्चार्जचे कागद सोबत न्या. मेंदूच्या पुनर्वसनासाठी बंगळुरूचं निम्हान्स हे देशातलं नावाजलेलं ठिकाण आहे. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि मराठीत. त्यांचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. पेन्शन किंवा कागदपत्रांचं काही अडलं तर साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.

गोव्याच्या बाबतीत मला एवढा विचार करावा लागत नाही. जाऊ नका. सायलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य, एलएसडी आणि एमडीएमए ही तिन्ही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. रिट्रीट म्हटलं, समोर समुद्र असला आणि गळ्यात माळा घातल्या म्हणून कायदा बदलत नाही. पोलिसांचा भाग सोडा, तिथे ईसीजी कोण काढणार? पुडीत नेमकं काय आहे हे कोण सांगणार? मध्यरात्री यजमानांना तो स्फोट पुन्हा दिसायला लागला आणि ते कुणाच्या अंगावर धावून गेले, तर तिथला गिटारवाला मुलगा त्यांना कसा सावरणार? मुलाच्या मित्राचा हेतू वाईट नसेल, पण त्याला हा विषय इथेच थांबवायला सांगा.

यातल्यांसारखा परिणाम असलेलं आणि आपल्याकडे कायदेशीर असलेलं औषध एकच, केटामाइन. मुळात भूल देण्याचं औषध, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांसाठी वापरलं गेलं. हट्टी नैराश्यात त्याचा उपयोग होतो. पीटीएसडीत निकाल उलटसुलट आहेत. रक्तदाब काही वेळ वाढवतं. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतः सुचवलं आणि हॉस्पिटलमध्ये, मॉनिटर लावून देणार असतील तर ऐकून घ्या. जाहिरात बघून जाऊ नका.

पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. त्यात भावाचं मत आहे, मुलाच्या मित्राचं आहे, तुमचं आहे. यजमानांचं कुठेच नाही. त्यांना मेक्सिकोबद्दल सांगितलं तरी आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचाराला संमती त्यांची लागते, पण कायद्याचं राहू दे. आयबोगेनच काय, साधी थेरपीसुद्धा बायकोच्या आग्रहाखातर गेलेल्या माणसाला लागू पडणं कठीण. रात्री विषय काढू नका. सकाळी रानात त्यांच्यासोबत जा आणि एवढंच विचारा की यातलं कुठलं एक दुखणं कमी झालं तर तुम्हाला जरा बरं वाटेल. तुम्हाला वाटतंय झोप. ते कदाचित म्हणतील, त्या जोडीदाराच्या आईला मी अजून भेटायला गेलो नाही. असं काही निघालं तर उपचाराची सुरुवात कुठून करायची ते डॉक्टरांना तिथेच कळेल.

आणि तुम्ही. ते अंगावर धावून येतात हे एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी जाणार नाही. ते आजाराने होतंय हे खरं, म्हणून तुम्ही मार खायचा असं नाही. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, कुणाच्या घरी जायचं, मुलाने काय करायचं, हे शांत असताना ठरवून ठेवा, यजमानांनाही सांगून. निवृत्तीनंतर सिक्युरिटीच्या नोकरीसाठी परवान्याची बंदूक घेतली असेल तर ती सध्या घरात नको. जगण्यात राम नाही अशा बोलण्याला "बोलतात तसं" म्हणून सोडू नका, त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा, आणि जिवाचंच संकट दिसलं तर ११२ ला.

हे सदर वाचणाऱ्यांत सैनिकांची घरं थोडी आणि दुचाकीवरून पडून डोक्याला लागलेल्या मुलांची घरं जास्त असतील. वरचं बरंचसं त्यांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी भर एवढीच: घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, किंवा रुग्ण लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) घेत असेल, तर या औषधांच्या वाटेला "एकदा बघू" म्हणूनही जाऊ नये. लिथियमवर असताना मशरूम घेऊन फिट आलेल्या आहेत.

मेक्सिको कायमचं रद्द, असं मी म्हणत नाही. वर्षभर हे सगळं नीट करून झालं, यजमानांना स्वतःला जावंसं वाटलं, हृदयरोगतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवला, आणि तोवर एखादी सरकारमान्य चाचणी परदेशी रुग्णांना घेत असेल, तर मला पुन्हा लिहा. भावाचं प्रेम खरं आहे, त्याला नुसतं नाही म्हणू नका. त्याला सांगा की पहिले तीन महिने दर आठवड्याला पुण्याला जायचं-यायचं आहे, झोपेची तपासणी करायची आहे, रानात गडी लावायचा आहे, आणि हा खर्च तिकिटापेक्षा कितीतरी कमी आहे. दवाखान्याचा हट्ट त्याने सोडलाच नाही, तर त्याने तिथे फोन करून विचारावं: ईसीजीवर किती तास नजर ठेवता, आयसीयू किती अंतरावर, गोळ्या कोण आणि किती दिवसांत उतरवणार, तिसऱ्या महिन्यात त्रास उलटला तर कुणाला फोन करायचा. आणि एवढं सगळं आठवून यजमान बोलायला लागतील तेव्हा त्यांच्याशी मराठीत, निदान हिंदीत, कोण बोलणार.